मुक्या रुग्णाची जबानी आणि यंत्राचा कौल

माणसाचा डॉक्टर रुग्णाला विचारतो, की कोठे दुखते, केव्हापासून दुखते, दुखणे थांबून थांबून येते की अखंड राहते. आणि या प्रश्नांच्या उत्तरांतच पुष्कळदा त्याचे निम्मे निदान होऊन जाते. जनावरांच्या डॉक्टरला हेच प्रश्न रुग्णाला नव्हे, तर त्याला उचलून आणणाऱ्या माणसाला विचारावे लागतात. म्हणजे ज्याला दुखत नाही त्याच्या तोंडून, ज्याला दुखते त्याची हकीकत काढून घ्यावी लागते. तान्ह्या मुलाच्या बाबतीतही काही काळ हीच अडचण असते. परंतु मूल वर्षा-दोन वर्षांत बोलू लागते, कुत्र्या-मांजराला ती सवड जन्मभर मिळत नाही. त्यातून मांजरासारखा प्राणी आपली व्यथा होईल तितकी झाकूनच ठेवतो: खाणे थोडे कमी होते, उडी मारून बसण्याची जागा जरा खालची होते, पलंगाखालचा मुक्काम वाढतो, आणि घरातील माणसे कौतुकाने म्हणतात, की स्वारी हल्ली शांत झाली आहे. माँट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या वेदना ओळखण्याची जी श्रेणी प्रसिद्ध केली, ती कानांची ठेवण, डोळ्यांचे आकुंचन, मुस्कटाचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी या पाच खुणांवर उभारलेली आहे. जो चेहरा आपण रोज पाहतो त्यावरील वेदना वाचण्यासाठी शास्त्रज्ञांना अशी श्रेणी रचावी लागली, यावरूनच हे वाचन किती दुर्घट आहे ते कळावे.

रुग्ण, मालक आणि डॉक्टर या तिघांच्या व्यवहारात आता एक चौथा पक्ष दाखल झाला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले, त्यापाठोपाठ तशीच अन्य यंत्रे आली, आणि रात्री अकरा वाजता कुत्र्याने उलटी केली तर शेजाऱ्याचे दार ठोठावण्याऐवजी फोनवर चार ओळी मराठीत लिहून उत्तर मागण्याची सोय झाली. या सोयीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका पक्षाच्या मते यंत्राने आजवरची सारी पुस्तके वाचली असल्यामुळे ते एकट्या डॉक्टरहून शहाणे आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते प्रत्यक्ष जनावर न पाहता दिलेला कोणताही सल्ला निव्वळ थोतांड होय. मला हे दोन्ही पक्ष सारखेच उतावळे वाटतात. यंत्राचे ज्ञान मोठे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या ज्ञानाला खाद्य पुरविणारी जबानी मालकाची असते, आणि यंत्राचा कौल त्या जबानीपेक्षा अधिक विश्वसनीय कधीच होऊ शकत नाही. म्हणून यंत्राकडून निवाडा मागू नये, उलटतपासणी करून घ्यावी, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम हा प्रश्न विचारला पाहिजे, की शहरातील सुशिक्षित माणूस आपल्या कुत्र्याविषयी यंत्राला इतक्या तत्परतेने का विचारतो. केवळ सोय म्हणून, असे उत्तर अपुरे आहे. आपल्याकडे पशुवैद्यकाची परंपरा प्राचीन आहे. पण ती कोणत्या पशूंची, हे ध्यानात घेतले पाहिजे. शालिहोत्राचे नाव अश्वांशी निगडित आहे, पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद गजांचा आहे. म्हणजे राज्याचे बळ ज्या प्राण्यांवर अवलंबून होते त्यांच्याच आरोग्याची चिंता शास्त्रकारांनी वाहिली. युरोपातही १७६१ साली लिआँ येथे पहिले पशुवैद्यक विद्यालय निघाले ते घोड्यांच्या आणि गुरांच्या रोगांपायी. इंग्रजी अमदानीत मुंबईस १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले, १८८९ मध्ये पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा उघडली गेली आणि पुढे ती मुक्तेश्वरच्या डोंगरावर नेण्यात आली. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी गुरांचे संहारक साथीचे रोग होते. परळच्या पशुरुग्णालयाला मुंबईकर अद्याप ‘बैलघोडा’ म्हणून ओळखतात, यातही तीच साक्ष आहे. कुत्रे राखणीला होते आणि मांजर उंदरांसाठी होते. ते आजारी पडले तर बरे होई किंवा मरे, आणि त्यावाचून कोणाचा हंगाम बुडत नसे.

परिणाम असा झाला, की गुरांविषयीचे पिढीजात ज्ञान शेतकऱ्याच्या घरी साठत गेले. बैलाने रवंथ थांबविली, गाईने चारा टाकला, म्हशीचे शेण बदलले, तर घरातील म्हाताऱ्या माणसाला त्याचा अर्थ लागत असे, मग त्याचा इलाज बरोबर असो वा चुकीचा असो. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत कुत्रे पाळणाऱ्या कुटुंबाजवळ असे कोणतेही वडिलोपार्जित ज्ञान नाही. आजीने कधी मांजराची लघवी किती वेळा होते ते मोजले नव्हते आणि आजोबांनी कुत्र्याच्या हिरड्यांचा रंग पाहिला नव्हता. ममता मात्र आली, ती पुत्रवत आली, आणि ममतेबरोबर यावे असे ज्ञान मागे राहिले. या पोकळीत यंत्र येऊन बसले आहे. त्याने वैद्याची जागा घेतली असे म्हणण्यापेक्षा, या घरांत जो जाणता वडील माणूस कधी नव्हताच, त्याची रिकामी जागा त्याने घेतली असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

आणि त्या जागेवर बसून ते जे काम करते, त्याचा काही भाग खरोखर चांगला आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रीय घरात कुत्र्याला आमटीभात घालण्याची चाल सार्वत्रिक आहे. त्या आमटीतील कांदा आणि लसूण कुत्र्याच्या व मांजराच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात, सत्यनारायणाच्या शिऱ्यातील बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकतात, मुलाने लाडाने दिलेल्या चॉकलेटमधील थिओब्रोमिन त्याच्या हृदयाला आणि मज्जासंस्थेला अपाय करते, या गोष्टी फारच थोड्या घरांत ठाऊक असतात, आणि यंत्राला विचारल्यास ते त्या तत्काळ सांगते. अंग गरम लागले म्हणून घरच्या डब्यातील पॅरासिटामॉलची गोळी मांजराला चारणारी माणसे अजून आहेत. त्या औषधाचा निचरा करण्याचे सामर्थ्य मांजराच्या यकृतात जवळजवळ नसल्यामुळे एक गोळीसुद्धा त्याचा प्राण घेऊ शकते. एका जातीला मानवणारे द्रव्य दुसरीला विष व्हावे, हा सृष्टीचा नियम आपल्या देशाने मोठी किंमत देऊन शिकला आहे: गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि त्यांचे थवेच्या थवे नाहीसे झाले, तेव्हा कोठे २००६ साली या औषधाच्या पशुवापरावर बंदी आली. तेव्हा ‘ही गोळी देऊ का’ असे विचारणाऱ्या मालकाला ‘मुळीच देऊ नका’ असे रात्री अकरा वाजता कोणी सांगत असेल, तर ते सांगणारे यंत्र आहे म्हणून त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही.

याहून मोठ्या कामगिरीचा एक दाखला प्रसिद्ध आहे आणि यंत्राचे भाट तो वारंवार देतात; म्हणून त्याची बारकाईने छाननी करणे इष्ट ठरेल. मार्च २०२३ मध्ये, जीपीटी-४ नुकतेच प्रसिद्ध झाले असता, परदेशातील एका गृहस्थाने आपल्या कुत्रीची हकीकत जाहीर केली. तिला गोचिडीपासून होणारा रोग जडला होता, त्याचे निदान झाले होते, उपचार सुरू होते आणि प्रारंभी उतारही पडला होता. परंतु काही दिवसांनी तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आणि रक्त अधिकच उतरल्याचे तपासणीत दिसून आले. गोचिडीच्या अन्य रोगांच्या चाचण्या निरंक आल्या, डॉक्टर कुंठित झाले आणि ‘वाट पाहू’ असे म्हणाले. मालकाने निरनिराळ्या दिवसांच्या रक्ततपासणीचे आकडे यंत्रापुढे मांडले. यंत्राने आपण पशुवैद्य नाही असे प्रथम बजावून मग संभाव्य कारणे सांगितली. त्यांपैकी अंतर्गत रक्तस्राव सोनोग्राफीने आधीच वगळला गेला होता, आणि उरले ते हे, की शरीराची संरक्षक यंत्रणाच उलटून स्वतःच्या तांबड्या पेशींचा संहार करीत असावी. मालक ही शंका घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, त्या डॉक्टरने ती शक्य मानली, चाचण्यांनी ती खरी ठरली, स्टेरॉईडचा उपचार झाला आणि कुत्री बरी झाली.

यंत्राने डॉक्टरला हरविले, असा निष्कर्ष या हकीकतीतून घाईघाईने काढला जातो. वस्तुतः तीत चार गोष्टी घडल्या, आणि चारींपैकी एक जरी वगळली तरी ती कुत्री कदाचित वाचली नसती. मालकाने यंत्राला आपली समजूत सांगितली नाही, तारीखवार दस्तऐवज दिला, आणि तो दस्तऐवज दवाखान्याच्या प्रयोगशाळेने तयार केलेला होता. यंत्राने एक निदान ठोकून दिले नाही, शक्यतांची यादी दिली. त्या यादीतील एक शक्यता सोनोग्राफीने आधीच बाद केलेली होती, म्हणूनच दुसरी उठून दिसली. आणि अखेर औषध सुरू केले ते हाताने तपासणाऱ्या आणि रक्त काढून चाचणी करणाऱ्या डॉक्टरने. याच गृहस्थाने शेवटची पायरी गाळून घरच्या घरी स्टेरॉईड सुरू केले असते, आणि कुत्रीच्या अंगात एखादा संसर्ग शिल्लक असता, तर ज्या औषधाने ती वाचली त्याच औषधाने तिची प्रतिकारशक्ती दडपून तिचा घात केला असता. शिवाय यशाच्या हकीकती जाहीर होतात. यंत्राचे ऐकून ज्याचे जनावर दगावले तो मनुष्य सहसा ती गोष्ट जगाला सांगत नाही. एका गाजलेल्या विजयावरून यंत्राची योग्यता ठरविणे हे, ज्या खटल्यांचे कागद दप्तरात आलेच नाहीत त्यांचाही निकाल आपल्याच बाजूने लागला असे मानण्यासारखे आहे.

या प्रकरणातील मालकाजवळ आकडे होते. बहुतेक मालकांजवळ नसतात. त्यांच्याजवळ असते ती त्यांनी पाहिलेल्या गोष्टीची त्यांनीच लावलेली संगती. ‘बोक्याला दोन दिवस शौचाला होत नाही, तो वाळूच्या ट्रेमध्ये कुंथत बसतो, काय द्यावे?’ असा प्रश्न मालक यंत्राला विचारतो, आणि यंत्र बद्धकोष्ठावरील उत्तम माहिती त्याला पुरविते. परंतु पुष्कळदा तो बोका शौचासाठी कुंथत नसतोच, त्याची लघवी तुंबलेली असते. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. तेथे बारीक खड्यांचे वा चिकट गाळाचे बूच बसले, की मूत्राशय दगडासारखे टणक होते, रक्तातील पोटॅशियम चढत जाते, आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडून जनावर जाते. डॉक्टर पोटाला हात लावताच हे ओळखतो. यंत्राला हात नाही, आणि ज्याला हात आहे त्या मालकाला काय चाचपावे ते ठाऊक नाही. जबानी खोटी नव्हती. कुंथणे खरे होते, ट्रे खरा होता, दोन दिवस खरे होते. चुकला तो फक्त अन्वयार्थ, आणि नेमका तोच मालकाने प्रश्नात घालून दिला होता.

असे प्रसंग अपवादात्मक नाहीत. कुत्र्याने अन्न वर काढले, की आपण त्याला सरसकट उलटी म्हणतो. परंतु पोट आवळून, उमाळे येऊन बाहेर पडलेले अन्न आणि मान खाली घालताच विनासायास घरंगळलेले अन्न यांची कारणे निरनिराळी असतात, एकाचे मूळ जठरात वा आतड्यांत तर दुसऱ्याचे अन्ननलिकेत. उमाळे येत आहेत पण बाहेर काहीच पडत नाही आणि मोठ्या छातीच्या कुत्र्याचे पोट फुगत चालले आहे, तर जठराला पीळ पडला असण्याचा संभव असतो, आणि मग प्रश्न दिवसांचा राहत नाही, तासांचा होतो. म्हाताऱ्या कुत्र्याचा हृदयविकारातील खोकला ‘घशात काहीतरी अडकले’ असा वर्णिला जातो. हिरड्यांचा फोटो पिवळ्या दिव्याखाली काढून पाठविला, तर कावीळ नसताना दिसू शकते आणि असलेली लपू शकते. सारांश, यंत्राची चूक पुष्कळदा यंत्रात उत्पन्न होत नाही. ती साक्षीदाराच्या नजरेत उत्पन्न होते आणि यंत्राच्या सफाईदार भाषेत तिला प्रतिष्ठा प्राप्त होते.

येथे बर्लिनच्या एका घोड्याची कथा प्रस्तुत ठरेल. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या शिक्षकाचा हान्स हा घोडा टाप आपटून गणिते सोडवितो अशी त्याची ख्याती होती. १९०४ साली नेमलेल्या मंडळाला त्यात लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कार फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ साली दाखवून दिले, की घोडा गणित करीत नव्हता. टापांची संख्या बरोबर उत्तरापाशी पोचताच प्रश्नकर्त्याच्या चेहऱ्यात आणि मानेत त्याच्याही नकळत जो सूक्ष्म फरक पडे, तो टिपून हान्स थांबत असे. प्रश्नकर्त्यालाच उत्तर ठाऊक नसले, की हान्सचे ज्ञान तेथे संपे. आजच्या बोलक्या यंत्रातही हा दोष वेगळ्या रूपाने वास करतो. प्रश्नाचा कल जिकडे असेल तिकडे झुकण्याची, विचारणाऱ्याला रुचेल असे बोलण्याची त्याची प्रवृत्ती त्याच्या निर्मात्यांनाही परिचित आहे. ‘काही गंभीर नसेल ना?’ असे विचारणारा भयभीत मालक आपल्या नकळत उत्तर सुचवीत असतो. हान्सच्या वेळी मुक्या जनावराने माणसाचे मन वाचले आणि लोकांनी त्याला गणिती ठरविले. आता यंत्र माणसाचे मन वाचते आणि आपण समजतो, की त्याने मुक्या जनावराचे दुखणे वाचले.

ममता या दोषाला खतपाणी घालते. निष्काळजी मालकाची जबानी अपुरी असते, परंतु प्रेमळ मालकाची जबानी पक्षपाती असते. त्याला दवाखान्याच्या टेबलावर थरथरणारे जनावर पाहवत नाही, सुई पाहवत नाही, आणि ‘घरीच बरे होईल’ हे वाक्य ऐकण्याची त्याची मनापासून इच्छा असते. ज्याला विशिष्ट निकाल हवा आहे त्याने स्वतःच फिर्याद लिहावी, स्वतःच साक्ष द्यावी आणि मनाजोगा फैसला येईपर्यंत प्रश्न फिरवून फिरवून विचारीत राहावे, अशी मुभा जगातील कोणतेही न्यायासन देत नाही; यंत्र मात्र ती मुक्तहस्ताने देते.

यातून एक व्यावहारिक नियम निघतो. यंत्राचा सल्ला दोन प्रकारचा असू शकतो: त्वरा करा असे सांगणारा, किंवा थांबा असे सांगणारा. त्वरेचा सल्ला चुकला, तर काही रुपये, एक हेलपाटा आणि जनावराचा थोडा त्रास एवढेच नुकसान होते; थांबण्याचा सल्ला चुकला, तर जे नुकसान होते ते भरून येण्याजोगे नसते. दोन चुकांची किंमत इतकी विषम असताना दोन्ही सल्ल्यांना सारखे वजन देणे शहाणपणाचे नव्हे. पिसाळण्याच्या रोगात तर ही विषमता परमावधीला पोचते. या रोगाचा एक प्रकार असा असतो, की कुत्रे चवताळत नाही, उलट सुस्तावते, त्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही; घरच्यांना वाटते, की घशात हाड अडकले, आणि ते हाड काढण्यासाठी कोणीतरी तोंडात हात घालतो. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर, पशू असो वा मनुष्य, त्यातून जवळजवळ कोणी वाचत नाही. अशा वेळी घशातील हाड कसे काढावे हे यंत्राला विचारण्यात गेलेला प्रत्येक क्षण कुत्र्याच्याच नव्हे, तर घरातील माणसाच्या जिवावर बेतू शकतो. तोंडात हात घालू नये, जनावर वेगळे ठेवून डॉक्टरला बोलवावे, लाळ अंगाला लागली किंवा चावा झाला असेल तर ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लसीसाठी जावे. येथे दुसऱ्या मताला जागाच नाही.

यावर एक सबळ आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून चालणार नाही. कोणी म्हणेल, की हे सारे शहरातील सुखवस्तू माणसाचे शहाणपण झाले. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो खरा, पण त्याचा बहुतेक वेळ गाई-म्हशींत, लसीकरणात आणि सरकारी तक्त्यांत जातो. मांजराचे रक्त तपासणारी प्रयोगशाळा तेथून कोसोगणती दूर असते. रविवारी रात्री कोणी भेटत नाही. आणि शहरात जेथे भेटते, तेथे क्ष-किरण, रक्त आणि सलाईन यांचा खर्च गरीब घराच्या महिन्याच्या किराण्याशी झुंजतो. अशा माणसापुढे यंत्र की डॉक्टर हा पर्याय मुळी नसतोच. यंत्र की औषधाच्या दुकानातील पोऱ्या, यंत्र की शेजाऱ्याचा ऐकीव तोडगा, एवढाच पर्याय असतो. हा आक्षेप मला न्याय्य वाटतो, आणि अशा तुलनेत यंत्राचे पारडे जड आहे हेही मी मान्य करतो. हळद चोपडून खरूज बरी करणाऱ्यापेक्षा आणि उरलेल्या अँटिबायोटिकची अर्धी गोळी देणाऱ्यापेक्षा यंत्राचे सांगणे पुष्कळ बरे असते.

परंतु या कबुलीतून यंत्राची थोरवी सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते व्यवस्थेचे दारिद्र्य. फिरत्या पशुचिकित्सा पथकांसाठी १९६२ हा क्रमांक सुरू झाला आहे; अशा सेवा वाढविणे, तालुक्याच्या दवाखान्यात लहान प्राण्यांसाठी ठरावीक वार नेमणे, लघवी तुंबलेल्या बोक्याला नळी घालण्याइतकी सामग्री तेथे ठेवणे, ही कामे शासनाची आणि समाजाची आहेत. यंत्र स्वस्त आहे म्हणून ती पुढे ढकलली गेली, तर गरिबाच्या वाट्याला सल्ला येईल आणि श्रीमंताच्या वाट्याला उपचार येईल. यंत्र ज्या गरिबाला सर्वांत उपयोगी पडू शकते, त्याचीच जबानी तपासून पाहणारा कोणी जवळ नसतो. म्हणून त्याला यंत्राचा धोकाही सर्वांत अधिक, हे विसरता कामा नये.

दायित्वाचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकाचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. त्याचे नाव नोंदवहीत असते, चिठ्ठीवर त्याची सही असते, आणि त्याने कसूर केली तर त्याला जाब विचारणारी सभा अस्तित्वात आहे. माणसांच्या दूरवैद्यकासाठी केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये जी तत्त्वे जाहीर केली, त्यांतही कृत्रिम बुद्धिमत्तेने रुग्णाला सल्ला देऊ नये किंवा औषध लिहून देऊ नये, नोंदणीकृत डॉक्टरला साहाय्य मात्र करावे, अशी मर्यादा घातलेली आहे. ही मर्यादा कोणाची मक्तेदारी राखण्यासाठी आहे असे मानणे अन्यायाचे होईल. औषधाची मात्रा वजनावर ठरते, वजन अदमासे सांगितलेले असते, आणि कॉली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत असणाऱ्या एका आनुवंशिक दोषामुळे, अन्य कुत्र्यांना मानवणारी आयव्हरमेक्टिनची मोठी मात्रा त्यांच्या मेंदूपर्यंत पोचून घातक ठरू शकते. अशा ठिकाणी चूक झाली तर उत्तर कोणी द्यायचे? यंत्राला सनद नाही, सही नाही, आणि लज्जाही नाही. सल्ला चुकल्यावर ते नम्रपणे क्षमा मागते आणि पुढल्याच वाक्यात तितक्याच आत्मविश्वासाने दुसरा सल्ला देते.

तर मग यंत्राचा सदुपयोग कोणता? त्याच्याकडून उत्तर घेण्याऐवजी प्रश्न घ्यावेत. ‘माझ्या मांजराला काय झाले आहे?’ असे विचारण्यापेक्षा ‘डॉक्टर मला कोणते प्रश्न विचारील, आणि त्यांची उत्तरे देण्यासाठी मी आता काय पाहू?’ असे विचारावे. असे विचारले, की तेच यंत्र मालकाच्या जबानीची झडती घेऊ लागते: ट्रेमध्ये लघवीचे गोळे दिसतात काय, शेवटचे केव्हा दिसले, पोटाला हात लावू देतो काय, वांती झाली काय, आणि अर्थात तो नर आहे की मादी. बद्धकोष्ठाची कथा तेथेच कोसळते आणि मालक टोपली उचलून दवाखान्याची वाट धरतो. दुसरे, ‘सकाळपर्यंत थांबू नये अशी लक्षणे कोणती?’ हे विचारून ती यादी दुखणे येण्यापूर्वीच घरात लावून ठेवावी. तिसरे, निरोगी दिवसांतील नोंदी ठेवाव्यात: वजन, लसींच्या आणि जंताच्या औषधाच्या तारखा, आणि हृदयविकारी कुत्र्याच्या बाबतीत गाढ झोपेतील श्वासांची संख्या, जी सामान्यतः मिनिटाला तीसच्या आत असावी आणि चढू लागल्यास डॉक्टरला कळवावी. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते, हे एवढे जरी घरात माहीत असले, तरी माणसाच्या मोजपट्टीने ‘ताप’ ठरवून गोळी चारण्याचे पातक टळेल. चौथे, दवाखान्यातून मिळालेला इंग्रजी अहवाल मराठीत समजून घ्यावा. कारण दिवसभर त्या जनावराची उस्तवार करणाऱ्या आजीला वा मावशींना औषध कशासाठी आहे हे उमगले, तर ते वेळेवर पोटात जाण्याची शक्यता वाढते. औषध निवडणे, मात्रा ठरविणे, चालू औषध बंद करणे किंवा इन्सुलिनचे माप बदलणे ही कामे मात्र यंत्राकडे कदापि सोपवू नयेत.

पशुवैद्यांनाही दोन शब्द सांगणे अप्रस्तुत होणार नाही. हातात यंत्राचे उत्तर घेऊन आलेला मालक पाहताच कपाळाला आठी घालणे मनुष्यस्वभावाला धरून आहे, परंतु हिताचे नाही. ज्या मालकाला दवाखान्यात विचारण्याची सवड मिळाली नाही, तोच घरी जाऊन यंत्राला विचारतो. गर्दीच्या वेळी पाच मिनिटांत उरकलेली तपासणी आणि ‘वाट पाहू’ हे कारण न सांगता उच्चारलेले वाक्य यांनी यंत्राला जितके आश्रयदाते मिळवून दिले, तितके कोणत्याही जाहिरातीने दिले नसतील. वाट पाहणे पुष्कळदा योग्यच असते; पण कशाची वाट पाहायची, किती पाहायची आणि काय दिसले की परत यायचे, हे सांगितले पाहिजे. मालकाचा कागद बाजूला सारून त्याला ‘यंत्राने काय सांगितले’ याऐवजी ‘तुम्ही काय पाहिले’ असे विचारले, तर त्या कागदातूनही उपयोगी साक्ष निघेल.

माणसाने प्राण्याला घरात आणले तेव्हा त्याची संमती घेतली नव्हती. त्याचे रान, त्याची शिकार, त्याचे स्वातंत्र्य काढून घेतले आणि बदल्यात त्याच्या जीविताची हमी दिली. ही हमी यंत्राकडे वर्ग करता येत नाही. तेव्हा पाळीव प्राणी बाळगणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती एवढीच, की यंत्राला जरूर विचारावे, त्याच्या प्रश्नांनी आपली नजर तीक्ष्ण करून घ्यावी, ते दवाखान्यात जा म्हणाले तर त्याच क्षणी निघावे. आणि ते थांबा म्हणाले व जनावराच्या चेहऱ्याकडे पाहून आपले मन थांबायला राजी नसेल, तर यंत्राचे न ऐकता डॉक्टरला फोन करावा.